कडूबाचं पान

३ नोव्हेंबर

आले एकदाची धाड गावाला! बुलढाण्याहून एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि शेजारी उलटी करणारं कोणी नव्हतं. आणखी काय हवं? हिंमतरावांनी बाजारामागच्या आपल्या खोल्यांपैकी आठ नंबरची मला राहायला दिली. स्वच्छ आहे, तरी मी फिनाइलनं दोनदा पुसली. आई मला चोखंदळ म्हणते, भाऊ सरळ वेडी म्हणतो. दुसऱ्याच्या कपात चहा पिणाऱ्यांचं मला काही कळतच नाही.

काम सोपं आहे. हिंमतरावांच्या पुण्यातल्या मुलानं भाड्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलंय. खोल्या, दुकानं, भाडेकरूंची नावं, मोबाइल नंबर असं सगळं एक्सेलमध्ये भरायचं आणि एकदम त्यात चढवायचं. नीट जमलं तर कायमची नोकरी. आईला सांगितलं, आता तुझी प्रतीक्षा साहेबीण होणार!

५ नोव्हेंबर

दारोदार फिरून नावं घेतली. लोक हौशी आहेत, नंबर विचारला की चहाही पाजतात. मी पोट बिघडल्याचं सांगून सुटते.

नऊ नंबरला कुलूप होतं. हिंमतरावांच्या बायकोनं, जयमालाबाईंनी सांगितलं, तिथं कडूबा राह्यते. कुठं गेलेत विचारलं तर म्हणाल्या, मेला, लई वर्सं झाली. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दर बाजाराला त्या नऊच्या उंबऱ्यावर कडूबाचं पान ठेवतात. भाकरी, पिठलं, ठेचा. काल बाजार होता. आज सकाळी ती ताटली पाहिली. चाटूनपुसून साफ, पण वर लाळेचा चिकट थर, आणि थरात पांढरा लांब केस. मांजर खाते, असं बाई म्हणाल्या. एवढ्या लांब केसांची मांजर मी तरी पाहिलेली नाही. दिवसभर घास गिळवला नाही.

८ नोव्हेंबर

सगळं चढलं, फक्त नऊ नंबर अडला. सॉफ्टवेअरला भाडेकरूचा चालू मोबाइल लागतो, त्यावर ओटीपी जातो. कडूबाचा कुठून आणू? खोली रिकामी दाखवते म्हटलं तर हिंमतराव एकदम तडकले. रिकामी दाखवू नको, त्या खोलीले माणूस लागते, काहीबी कर!

मग सगळे करतात तेच केलं. आमच्या गल्लीत निम्म्या म्हाताऱ्यांच्या गॅसला माझाच नंबर आहे. यादीतून कडूबाला काढलं आणि तात्पुरतं माझं नाव, माझा नंबर टाकला. ओटीपी आला, भरला, झालं. लगेच मेसेजही आला, नवीन घरात आपले स्वागत आहे. हिंमतरावांना सांगितलं, काम फत्ते. कसं ते सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर

काल बाजार होता. नऊपुढचं पान आज जसंच्या तसं पडलंय. मुंगीसुद्धा लागलेली नाही.

आणि सकाळपासून माझ्या तोंडाला पिठल्याची चव आहे. रात्री मी खिचडी खाल्ली होती. चूळ भरली तर दातांत पांढरा केस. माझे केस काळे आहेत. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासलं. छी! अजून जिभेवर काहीतरी वळवळल्यासारखं वाटतंय.

१३ नोव्हेंबर

आज पान माझ्या दाराशी. तेच, परवाचं, आंबलेलं. जयमालाबाई ठेवून वळत होत्या, मी हात धरला. तेव्हा त्या रडल्या आणि बोलल्या.

कडूबा त्यांच्या सासऱ्यांचा दिवाणजी. फार मागं घरं लिहायला सरकारी माणूस आला तेव्हा नऊ रिकामी होती. सासरे म्हणाले, रिकामी लिहू देऊ नको. कडूबानं तात्पुरतं स्वतःचं नाव सांगितलं. त्या खोलीतून तो मग निघालाच नाही. मेल्यावरही नाही.

बाईंनी मला हात जोडले. म्हणाल्या, पान तसंच राह्यलं तवाच समजलं, तू सोताचं नाव लावलं. तू त्याले सोडवलं बाई.

आणि मला?

१४ नोव्हेंबर

बॅग, लॅपटॉप घेऊन एसटीत बसले. गाव संपलं आणि ओकले. पिठलं. न खाल्लेलं पिठलं, तारा सुटलेलं, केसांसकट. लोक नाक दाबून सरकले. कंडक्टरनं उतरवलं. पाय आपोआप मागे वळले.

आठच्या कुलपात माझी किल्ली फिरेना. नऊचं कुलूप उघडं होतं.

१६ नोव्हेंबर

भिंती ओल्या आहेत. पाण्यानं नाही. बोट लावलं की तार निघते. सडक्या कांद्याचा वास, आणि तो माझ्याच अंगाला. दार उघडतं, पण उंबरा ओलांडला की ओकारी.

सॉफ्टवेअरमधून नाव काढू पाहिलं. आधी नवीन भाडेकरू टाका म्हणतं. मी कोणाचं नाव टाकणार नाही. कोणाचंच नाही. लिहून ठेवतेय, म्हणजे विसरणार नाही —

१८ नोव्हेंबर

बाजार. पान आलं.

जमिनीवर बसून चाटलं. मी — जी दुसऱ्याच्या कपात —

चांगलं लागलं. छी, छी. चांगलं लागलं.

१९ नोव्हेंबर

माझ्या जागी नवी मुलगी आलीय. वैष्णवी, साखरखेर्ड्याची. आठमध्ये. भिंतीपलीकडून फिनाइलचा वास येतोय. गाणं गुणगुणत पुसतेय. दोनदा पुसली —

दाराबाहेरून विचारते, ताई, काय काम राह्यलंय? मी सांगितलं. एकाच खोलीचं. तुझा नंबर दे. तात्पुरता.

का बोलले मी — किळस येते — माझीच —

लगेच दिला. हसत. ओटीपी आला म्हणतेय. सांगू का ताई?

ओरडायला हवं, सांगू नको, पळ. तोंड उघडलं की नुसती लाळ — की मला ओरडायचंच नाही —

आकडे सांगतेय. बोटं बटणांना चिकटतायत. शेवटचा राहिला. सांगतेय, आणि माझं बोट