पाचवं शील राहून गेलं

९ मे
लिहायचं टाळून टाळून आज वही उघडली. कारण एकच – इथं खरं लिहावं लागतं.

तर खरं: श्रामणेर शिबिर, म्हणजे तात्पुरतं भिक्खू होणं, दहा दिवसांचं होतं आणि मी मधूनच पळालो!

डोकं भादरलं, चीवर घातलं, सगळं केलं. बारानंतर जेवण नाही, तेही सोसलं. पण एका दुपारी खिडकीतून आंबागडचा डोंगर दिसला. म्हटलं, किल्ला पाहून संध्याकाळी परततो. चीवराची नीट घडी केली, चटईवर ठेवलं, पॅन्ट चढवली. उतरलो तर नाकाडोंगरीला जाणारा ट्रक उभा! मग ट्रकवाल्याच्या गावी कबड्डी. मग... असो.

आज बपेऱ्याला रत्नमाला मावशीकडे पोचलो. माझं टक्कल पाहून ती रडायलाच लागली. "दहा दिवस काढले माह्या पोरानं!" मी मान डोलावली. तोंडात भजं होतं.

१० मे
मावशीनं विहारात सांगून टाकलं – पौर्णिमेची वंदना यंदा अश्वजित घेईल, पंचशीलही तोच देईल. मेलो!

विहाराचा कारभार म्हाताऱ्या पार्वताबाईंकडे. त्या मला तपासायला घरी आल्या.
"येते नं रे तुले?"
"येते नं, आजी."
"मंग दुपारचा चिवडा काहून खाऊन राहिला?"
"शिबिर संपलं नं!"

११ मे
मोबाईलवर पंचशील पाठ करायला बसलो. पाचच तर आहेत! मध्येच माकडं केळी चोरतात तो व्हिडिओ लागला. दोन तास गेले.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा
अख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. मी म्हणायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं. पहिली तीन शीलं झकास! चौथं – मुसावादा. खोटं बोलणार नाही! समोर मावशी. डोळे मिटून, हात जोडून, इतक्या विश्वासानं म्हणत होती की मी छताकडे पाहू लागलो. पुढचं काही आठवेना. सरळ संपवून टाकलं.

मागच्या रांगेतून चिंधूकाका आणि त्यांची पिणारी मंडळी "साधु! साधु! साधु!" असं ओरडली की छतावरची कबुतरं उडाली. पाचवं, दारू सोडायचं, राहूनच गेलं होतं!

"थांबा! पाचवं घ्याचं आहे!" पार्वताबाई.
"आता कायले, बाई?" चिंधूकाका चप्पल शोधत. "जेवढे भेटले तेवढे पाळू नं आमी!"

संध्याकाळी काका चौकात डोलत सांगून राहिले होते, "म्या एकबी शील मोडलं नाही गा!"

पिणाऱ्यांच्या बायका आमच्या दारात. "दहा दिवस काय शिकला वो तुहा पोरगा?" मावशी माझ्यासाठी सगळ्यांशी भांडली. हे सगळ्यात वाईट. जेवण गेलं नाही. उद्या तिला सांगतोच.

१३ मे, सकाळ
सांगायला चुलीपाशी गेलो. तिनं गरम पोहे पुढे केले. दुपारी सांगतो.

१३ मे, दुपार
पार्वताबाईंनी पाचवं शील द्यायला फोन करून माणूस बोलावला. कोण – तर शिबिराचे भन्ते! आत्ता ओसरीवर बसलेत. मावशी पाया पडली. मी दाराआड. बायकांची तक्रार चालू – पोरानं चारच शीलं दिली. भन्ते हसून म्हणाले, "बरोबर आहे. चारच दिवस होता तो."