वजनाआधीचं फुलपात्रभर पाणी

सर, तुम्ही आम्हा मुलींना कधी नावानं हाक मारली नाहीत. "ए अडतीस, केस बांध." "बेचाळीस, घरी सांगून आलीस का?" ज्या वजनगटात जी खेळायची तो आकडा हेच तिचं नाव. शाळेच्या कुस्ती संघातल्या सात मुली म्हणजे सात आकडे, आणि आठवी मी, जिला आकडा नव्हता. नववीत मी तुमच्या मागं लागले होते, मलाही संघात घ्या म्हणून. तुम्ही मला वजनकाट्यावर उभं केलंत, काट्याकडं पाहिलंत, मग माझ्याकडं पाहिलंत. म्हणालात, "दप्तर घेऊन उभी राहिलीस तरी कुठल्या गटात बसायची नाहीस गं तू. असं कर, तू मॅनेजर हो." मला वाटलं, समजूत काढताय. घरी जाऊन मी जेवले नाही. आईला वाटलं माझं पोट बिघडलंय आणि तिनं मला ओवा चावायला लावला.

मॅनेजर म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. कुस्तीआधी पंच नखं तपासतात, म्हणून सगळ्यांची नखं कापायची. कानातली, चमकी, गळ्यातला दोरा, सगळं काढून घेऊन डब्यात ठेवायचं आणि संध्याकाळी जिचं तिला परत करायचं. घाम पुसायला टॉवेल, पिना, लिंबू, साखर-मीठ, आणि एक वही, ज्यात रोज सकाळी प्रत्येकीचं वजन लिहायचं. शिवाय मॅटच्या कडेला उभं राहून ओरडायचं. वर्गातल्या चार-पाच मुली जमवून मी घोषणा सुरू करायचे, "कोण आली रे कोण आली!" आणि समोरच्या शाळेचे मास्तर दचकून वळून बघायचे. तुम्ही एकदा म्हणालात, "अंगानं नाहीस, पण आवाजानं तू खुल्या गटातली आहेस." तुमच्याकडून आलेलं तेवढंच कौतुक. मी ते दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले.

पण खरं काम वेगळंच होतं, आणि ते तुम्ही दुसऱ्या कोणाला दिलं नसतंत. स्पर्धेच्या आदल्या दुपारपासून मुलींचं पाणी बंद. वजन गटात बसायला हवं, तर शेवटचे दोन-तीनशे ग्रॅम असेच काढायचे, हा तेव्हाचा सगळीकडचा रिवाज. तुम्हीही तरुणपणी तसेच राहिला होतात, त्यामुळं यात काही वावगं आहे असं तुमच्या मनातही आलं नसेल. पाण्याची कळशी माझ्या ताब्यात. "मॅनेजर, एक थेंब नाही," एवढं बोलून तुम्ही निघून जायचात. मागं वळून बघायचा नाहीत. मुली माझ्या विनवण्या करायच्या, मला शिव्या घालायच्या, एकीनं तर माझी वेणी ओढली होती. मी ढिम्म. मला त्या कडकपणाचा अभिमानसुद्धा होता, आता सांगायला लाज वाटते.

तालुक्याच्या स्पर्धेची सकाळ. परक्या शाळेच्या व्हरांड्यात वजनं चाललीत, आठ वाजता काटा बंद होणार. सेहेचाळीसचं वजन आपल्या काट्यावर सहा वाजता बरोब्बर सेहेचाळीस भरलेलं, मीच वहीत लिहिलंय. आमच्यातली सगळ्यात चांगली कुस्तीगीर ती. जिल्ह्याला जाणार हे धरूनच चाललेलो आपण सगळे. रांगेत ती शेवटून दुसरी. मी तिची नखं बघायला हात हातात घेतला तर तो गार, आणि थरथरत होता. ओठांवर पांढरा थर. ती म्हणाली, "मला तू दोन-दोन दिसायला लागलीस." हसून म्हणाली, पण भिंतीला धरून खाली बसली. मी कळशी उघडली, फुलपात्र भरलं आणि तिच्या तोंडाला लावलं. विचार वगैरे काही केला नाही. विचार केला असता तर दिलं नसतं.

काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवू लागला. आठला चार मिनिटं कमी. तुम्ही धावत आलात, माझी वही उघडून पंचांच्या नाकासमोर धरलीत, आणि मग सगळ्यांदेखत माझ्याकडं वळलात. "मॅनेजर, सहानंतर पाणी दिलंस का हिला? बोल की." मी म्हणाले, "नाही सर." तुम्ही परत विचारलं नाहीत. माझ्या त्या दोन शब्दांवर तुम्ही त्या माणसांशी भांडलात. काटा खोटा आहे म्हणालात, त्यांच्या शाळेनं मुद्दाम केलंय म्हणालात, माझी मॅनेजर खोटं बोलत नाही असं छातीवर हात मारून म्हणालात. त्यांनी दुसरा काटा आणला. त्यावरही दोनशे ग्रॅम. कुणीतरी हसलं. तुमचे ते कुस्तीत मोडलेले कान लालबुंद झालेले मला अजून दिसतात. सेहेचाळीस बाद झाली. पुढच्या वर्षीपासून तालुक्याला पंच म्हणून तुम्हाला बोलावणं येईनासं झालं. तुम्ही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत आणि मीही नाही. दहावीच्या निरोप समारंभाला तुम्ही मला एक नवंकोरं नेलकटर दिलंत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. म्हणालात, "तू होतीस म्हणून मला मागं वळून बघावं लागलं नाही." बाकीच्या मुली रडत होत्या, तशी मीही रडले, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

ते नेलकटर मी वापरलं नाही. फेकलंही नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या मागं नेदरलँड्सला आले तेव्हा तेवीस किलोच्या बॅगेत आईनं गोडा मसाला कोंबला आणि मी हे. रॉटरडॅमच्या कडेला कापेलमध्ये आम्ही राहतो. आधी घरीच होते, मग भाषा शिकले, आता एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तुम्ही गेल्याचा मेसेज इथेच आला, अकरा वर्षांपूर्वी, दवाखान्यात पेशंटची रांग असताना. मी एका बाईंना चुकीच्या दिवसाची वेळ दिली. मनात पहिला विचार आला तो असा, की आता सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. दुःख त्याच्या मागून आलं, हेही सांगून टाकते.

माझी लेक आता चौदाची आहे. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, असा आमचा संसार. मैत्रिणीबरोबर ती इथल्या कुस्ती क्लबात जायला लागली तेव्हा माझा आनंद पोटात मावेना. दोन महिन्यांनी घरी येऊन तिनं जाहीर केलं की तिला मॅटवर खेळायचं नाही, पण बाटल्या भरणं, पट्ट्या बांधणं, कडेला उभं राहून ओरडणं हे तिला आवडतं आणि ट्रेनर हो म्हणालेत. माझा चेहरा पडला. "अगं, खेळ की. बाहेर काय उभं राहायचं?" ती माझ्याकडं अशी पाहायला लागली जसं काही मी तिला भाजी न घालता भाजी कर म्हणाले. तिला तिथं बाहेर उभं असल्यासारखं वाटतच नव्हतं. मी कपाटातून नेलकटर काढून दिलं. काहीतरी द्यायला हवं म्हणून दिलं, सर, मोठ्या मनानं नाही.

गेल्या शनिवारी त्यांच्या स्पर्धा होत्या. इथं क्लबच्या कँटीनमध्ये आईबापांनी पाळीपाळीनं काम करायची पद्धत आहे, त्यामुळं मी चीज-टोस्ट भाजायला उभी होते, आणि वजनाचा काटा नेमका समोरच्या पॅसेजमध्ये. ट्रेनर साठीच्या पुढचे, कान हुबेहूब तुमच्यासारखे मोडलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चुकून वाकून नमस्कार करणार होते. लेकीची मैत्रीण काट्यावर चढली आणि तीनशे ग्रॅम जास्त भरली. ट्रेनरनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, सकाळी तर बरोबर होतं, आता काही खाल्लं-प्यायलंस का? ती मुलगी खाली बघायला लागली. माझ्या हातातला टोस्टरचा दांडा तसाच दाबलेला राहिला. मला त्या पॅसेजमध्ये तो व्हरांडा दिसत होता आणि पुढं काय होणार ते पाठ होतं.

लेकीनं हात वर केला. "मी दिलं पाणी. तिला चक्कर येत होती," एवढं डचमध्ये म्हणाली, आणि मग हिशोब पुरा व्हावा म्हणून, "आणि एक केळं."

ट्रेनर म्हणाले, "खूट झो." म्हणजे छान केलंस. मग त्या मुलीकडं वळून म्हणाले, उपाशी पोटी माझ्याकडं यायचं नाही, आज वरच्या गटात खेळ. आणि पुढच्या मुलाला काट्यावर बोलावलं. संपलं, सर. एवढंच. तेवढ्यात टोस्ट जळून कोळसा झाला होता. समोरच्या आजोबांनी तो तसाच घेतला, बहुतेक माझे डोळे बघून. ती मुलगी वरच्या गटात दोन्ही कुस्त्या हरली. ती चीतपट व्हायला आली की आमची लेक मॅटच्या कडेवरून घसा फाटेस्तोवर ओरडायची, "ऊठ! ऊठ! ऊठ!" रोज सकाळी माझ्या तोंडून ऐकून मराठीतलं हे एक क्रियापद तिला पक्कं येतं, आणि तिच्यामुळं आता अख्ख्या क्लबला. आवाज खुल्या गटातला आहे.

सायकलवरून घरी येताना, वारा तोंडावर असताना, मी तिला सगळं सांगितलं. कळशी, फुलपात्र, तुमचे लाल कान. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू सरळ सांगितलं का नाहीस? ते सर फार भीतीदायक होते का?" मी पुलाच्या चढावर दम खात होते म्हणून बरं, नाहीतर तिला लगेच हो म्हणाले असते. भीतीदायक नव्हतात तुम्ही. मारकुटे नव्हतात, तेव्हाचे बाकीचे मास्तर होते तसे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होतात आणि मला तो सोडवत नव्हता, त्यापायी मी तुम्हाला चारचौघांत तोंडघशी पाडलं. आणि तुमचा रागही आला सर, पहिल्यांदाच. तहानलेल्या पोरीला पाणी देणं ही चूक आहे असं मानून मी तीस वर्षं काढली. पाणी दिलं ही चूक नव्हतीच. चूक "नाही सर" ही होती. त्या दोन्हींची मी मनात एकच मोळी बांधून ठेवली होती. सुटी केल्यावर खांद्यावरचं निम्म्याहून जास्त ओझं उतरलं.

संध्याकाळी सेहेचाळीसला फोन केला. ती आता पोलिसात आहे, आणि रोज सकाळी मला फुलांचे फोटो पाठवते. ती म्हणाली, "अगं, मला वाटत होतं तू सरांना केव्हाच सांगितलंस. मी त्यांना तोंड दाखवायचं टाळत होते." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचा नवरा येऊन बघून गेला. जिल्ह्याला न गेल्याचं तिला काही वाटत नाही म्हणे. खरंखोटं तिलाच माहीत. पण हसत होती ते खरं होतं.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुमच्या घरी तुमची सून-नातवंडं आहेत, त्यांना याचं काय. नगरपालिकेची पत्रं ठेवायचा एक फोल्डर आहे, जो घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, त्यात ठेवते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लिहूनच ठेवते. हो सर, मी दिलं पाणी. तिला चक्कर येत होती.

आणि एक राहिलं, जे लेकीला सांगितलं नाही, सेहेचाळीसलाही नाही. फुलपात्राच्या तळाशी दोन घोट उरले होते, ते मी प्यायले. आदल्या दुपारपासून मीही पाणी बंद केलं होतं, दर स्पर्धेला करायचे, कुणी सांगितलेलं नसताना. मलाही एक आकडा हवा होता.