शकुबाईंच्या रानातलं चौथं माणूस

ती. दाजींच्या चरणी वैजनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि ताईचा रक्तदाब आटोक्यात असतील, असं धरून चालतो. इकडे हिंगोलीत आम्ही दोघं बरे आहोत (दोघं म्हणजे नेमकं कोण, ते पुढे येईलच).

अल्पभूधारक शेती आणि शाश्वत विकास या माझ्या निबंधासाठी आषाढात मी शिरड शहापुरात तीन दिवस फॉर्म भरत हिंडलो, ते आपल्याला ठाऊक आहेच (ताईचे धपाटे अजून आठवतात). आपल्या शेजारच्या शकुबाईंचं दीड एकर हळदीचं रान. शेतात राबणारी माणसं किती, असं विचारलं. बाई म्हणाल्या, चार. मी, पोरगा विश्वंभर, सून आणि मामंजी. मामंजी कुठे आहेत, तर बांधावर. बांधावर चिटपाखरू नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सासरे किसनराव वारून अकरा वर्षं झाली. मी पडलो शास्त्राचा माणूस, चार खोडून तीन केले. बाईंचा चेहरा उतरला. "काहून खोडता सर?" त्या म्हणाल्या. "मोजलं न्हाई तर म्हातारं राहील कुठं?" मी हसलो, त्याची आता लाज वाटते.

त्या तीनवर माझा सगळा निबंध उभा राहिला. तीन माणसांत दीड एकर हळद, तीही तणाविना! विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. आणि आठवडाभरात आमच्या गॅलरीतल्या कुंड्या कुणीतरी खुरपू लागलं. भर दुपारी, दार आतून बंद असताना. उपटलेलं तण कठड्यावर ओळीनं, मुळं उन्हाकडे करून मांडलेलं. मी बायकोवर संशय घेतला, साधनानं माझ्यावर (आणि लगेच मागे घेतला, कारण मी झाडाला कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही). मग गॅलरीतून खाकरणं ऐकू येऊ लागलं. मी एका पायात चप्पल घालून जिना उतरलो. साधना मात्र गॅलरीत चहा ठेवून आली. कप रिकामा मिळाला.

परवा शकुबाईंचा फोन आला. "गुडघाभर तण झालं सर. तिघांनं उरकून न्हाई राहिलं. रान हातचं जाईल, म्हाताऱ्याला परत मांडा." दाजी, त्या घराचं वर्ष त्या हळदीवर आहे. मला फार अपराधी वाटलं.

आपला,
वैजनाथ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सोबत नवा फॉर्म आहे, त्यात चार लिहिले आहेत (निबंध गेला). तो बांधावर उभं राहून मोठ्यानं वाचावा.

पुन्हा ता. क. तो फॉर्म वाचू नका. साधना म्हणते, इतकं कामाचं आणि न बोलणारं माणूस या घरात पहिल्यांदाच आलंय. शकुबाईंना चौथं माणूसच हवं असेल तर ह्यांना (म्हणजे मला) पाठवते. मी चिडलो. पण काल नगरपालिकेच्या बाई नोंदीला आल्या. घरात माणसं किती? साधनानं दोन सांगितली. मी समाधानानं मान डोलावली, मग पाहिलं, ती दोन कप घेऊन गॅलरीकडे निघाली होती. त्या बाई माझ्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांनीही मला वगळून दोनच लिहिली. शनिवारी येतो. माझ्यासाठी खुरपं काढून ठेवा, आणि शकुबाईंना सांगा, मी रानात उतरलो की आधी मला मोजा.