सुनेला लिहिलेलं इंग्रजी

देवबाग, ३ मार्च ५८
आज सकाळी पूजा आटोपून सुनेला इंग्रजी पत्र लिहायला बसलो. वसंत बोटीवरून विलायतेत उतरला, तिथेच लग्न केलं. मार्गारेटला मराठी येत नाही. दिवाळीला नातीला घेऊन इथे यायचं म्हणतात. बंदराच्या हपिसात जुन्या अर्जांवरून जे इंग्रजी शिकलो तेच हाताशी. 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून 'युवर ओबीडियंट सर्व्हंट'पर्यंत सुवाच्य अक्षरात उतरवलं. समाधान वाटलं.

१ एप्रिल
वसंताचं पत्र. मार्गारेट रडली. विचारते, "तुझ्या वडलांना मी घरात नको आहे का?" दिवाळीचं आता नक्की नाही.
सौ. खोबरं किसत होती. म्हणाली, "सुनेक मॅडम कित्याक म्हटल्यात? ती काय कलेक्टराची बायको?"
जेवण गेलं नाही.

४ एप्रिल
मालवणला आबा मास्तरांकडे गेलो. ते इंग्रजी शिकवतात. मी काय लिहिलं होतं ते सांगितलं, तर हसतच सुटले. "अरे, सून तुझी रजा मंजूर करूची आसा काय?" घरच्या पत्रात वर 'डिअर' आणि नाव, खाली 'लव्ह'. मधे बोलतो तसं लिहायचं.
मी म्हटलं, "सासऱ्यान सुनेक लव्ह लिवचा?"
"तिच्या भाषेत तोच आशीर्वाद रे."

९ एप्रिल
'डिअर मार्गारेट' लिहिलं आणि हात थांबला. आपल्यात चि. सौ. लिहिलं की झालं, माया त्यातच आली. वसंत बोटीवर निघाला तेव्हासुद्धा 'सांभाळ' एवढंच म्हणालो. आणखी काही…
नातीचा फोटो देवाजवळ ठेवलाय. कपाळ वसंताचं. आवाज कसा असेल.

११ एप्रिल
रवळनाथाला कौल लावावा असं मनात होतं. देवळात गेल्यावर संकोच वाटला. देवाला इंग्रजीतलं काय विचारायचं. नमस्कार करून आलो.

१४ एप्रिल
लिहिलं. मास्तरांना दाखवलं नाही. चुका असतील. मजकूर एवढाच: तू घरचीच आहेस. मुलीला घेऊन ये. दुपारी खाडीवरून वारा येतो, ओटीवर झोपता येतं. तुझी सासू फणसाची साटं उन्हात वाळवून ठेवते आहे. आम्ही वाट पाहतो. शेवटी 'लव्ह', त्याखाली 'बाबा'.
सौ.ने विचारलं, "काय लिवल्यात?" मराठीत सांगता आलं नाही.
चालत जाऊन पेटीत टाकून आलो.