दाढेखालच्या अस्थी

बा, तू गेलास तेव्हा मला अक्कलदाढ आली नव्हती. ती इकडे मुंबईत आली, कुलाब्याच्या कापसाच्या वखारीत, आणि आली तीच आडवी. कापसाला असा भाव येईल हे तू पाहिलं नाहीस. अख्खं वऱ्हाड गाड्या भरून इकडे निघालं, माझा पाय तर तसाही घरी ठरत नव्हता. इथे मी गासड्या उचलणाऱ्या हमालांना ताल देतो. मी ओरडायचं, त्यांनी उचलायचं. गळा चालतो तोवर पोट चालतं.

वलगावचा बाजार आठवतो. तू दाढ्या करतोस, गळवं फोडतोस, दात किडलेली माणसं पोत्यावर बसवतोस. तुझ्या बोटांना तुरटीचा वास. एकदा पाटील गाल धरून आले. तू चिमटा पाठीमागे लपवून म्हणालास, "काही दुखत नाही पाटील, तुमी फक्त त्या बैलाकडं पाहा." पाटलांनी पाहिलं आणि दाढ बाहेर. रक्त थुंकत ते म्हणाले, "लबाडा, मले फसवलं तुनं." तू म्हणालास, "नाही तं तोंड कोन उघडलं असतं, पाटील?" मग दाढ चिंधीत बांधून त्यांच्या हातावर ठेवलीस. ज्याच्या तोंडातली त्याच्याकडे गेली पाहिजे, हा तुझा नेम. माझी दाढ काढलीस तेव्हाही त्या बैलाचंच बोललास. बैल कशाला दाखवतोस हे मला माहीत होतं, तरी मी पाहिलं.

इथल्या दवाखान्यात येऊन मला बरेच दिवस झाले. आडव्या दाढेच्या हिरडीत पू झाला, तो खाली उतरला, गालाला भोक पडलं. मलमपट्टी करणारा पुण्याकडचा आहे. साहेब डॉक्टरचं बोलणं तोच आम्हाला सांगतो. काल म्हणाला, "तुझ्या अस्थी काढाव्या लागतील."

मी म्हणालो, "अस्थी मेल्यावर सावडतात ना जी. मी तं बसून आहो तुमच्यापुढं."

सगळी खोली हसली. तोही हसला, मग समजावून सांगू लागला. अस्थी म्हणजे हाड. खालच्या जबड्याचं उजवं हाड मेलं आहे, ते राहिलं तर विष अंगात भिनून मी जाईन, कापून काढलं तर बहुतेक जगेन. औषध हुंगवतात, दुखणार नाही.

"आन बोलनं?" मी विचारलं.

त्यानं साहेबाला विचारलं. साहेबानं माझ्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली. ते मलमपट्टीवाल्याला मला उलगडून सांगावं लागलं नाही.

"ते हाड मले भेटन का?"

"काय करणार त्याचं? बादलीत जातं ते."

तुझी राख सावडताना जबड्याचा एक तुकडा माझ्या हाती आला होता, त्यात एक दाढ तशीच. काका म्हणाला, ठेव मडक्यात. मी ती पेढी नदीत सोडली. माझं हाड मी जिवंत असताना बादलीत जाईल, आणि ते कुठल्या पाण्यात सोडलं हे कोणी मला सांगणार नाही.

इथली माणसं वाईट नाहीत, बा. ती खरं बोलतात, तेच सोसत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "चांगला बोलशीन, फक्त त्या बैलाकडं पाह्य." ते खोटं आहे हे कळूनही मी तोंड उघडलं असतं.

उद्या साहेबाला हो म्हणायचं आहे. हा कागद कुठे धाडू? उशाखाली राहील. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून एकच शब्द म्हणून पाहतोय, बा. त्याला दात लागत नाहीत, जबडाही फारसा लागत नाही, नुसते ओठ. तरी आज तो नीट निघाला नाही. हे मी अजून इथे कोणाला सांगितलेलं नाही.