पॅडल बांधल्याची कबुली व प्रशिक्षिकेस परत घेणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
नीलधारा जलतरण केंद्र, उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर

विषय : तक्रार मागे घेणे व प्रशिक्षिका सुकेशनी शिंगाडे यांना कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचाच दि. २६/२/२०२४ रोजीचा अर्ज (खोटा).

महोदय,

१. अर्जदार दत्तोपंत टाकळकर, वय एकसष्ट, निवृत्त हेडक्लार्क, हा सकाळच्या प्रौढ तुकडीत पोहतो. पाणीटंचाईमुळे तलाव एक एप्रिलपासून बंद होत असून, पुन्हा उघडल्यावर कोणास कामावर घ्यायचे ती यादी येत्या शुक्रवारी ठरणार असल्याचे समजते. तीत सुकेशनीताईंचे नाव नाही. यास सर्वस्वी अर्जदार जबाबदार आहे.

२. ताईंनी प्रौढांसाठी हाताची पॅडल आणली, म्हणजे तळव्याला लावायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या. मनगटाचा पट्टा त्यांनी मुद्दाम काढून टाकला व फक्त बोटात अडकवायचे रबर ठेवले. हात वाकडा पडला की पॅडल सुटते, चूक तिथल्या तिथं कळते. "सुटलं तर सुटू द्या काका, तेच शिकवतंय तुमाला," असे त्या म्हणत. अर्जदाराचे पॅडल दर फेरीस सुटून तळाशी जाई. ताई बुडी मारून काढून देत, आणि शेजारच्या लेनमधील साळूबाई हसत. साळूबाई अर्जदाराहून मोठ्या, शिकायला लागून जेमतेम चार महिने. हे लई लागले. अर्जात असा शब्द शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही.

३. अर्जदाराने चौतीस वर्षे फायली बांधल्या. त्याची गाठ कधी सुटली नाही, असा कचेरीत लौकिक होता. सबब रविवार दि. २५ रोजी त्याने कपाटातील सर्वांत मोठी पॅडल न विचारता घेतली, घरून आणलेल्या लाल फितीने मनगटास करकचून बांधली आणि ताई उथळ बाजूस नवख्यांना शिकवीत असता पाण्यात उतरला. पॅडल सुटले नाही. चूक होती तशीच राहिली आणि सगळा भार खांद्यावर आला. तिसऱ्या फेरीत कळ अशी आली की अर्जदार गटांगळ्या खाऊ लागला. ताईंनी कपड्यांनिशी उडी मारून त्यास बाहेर काढले व गाठ दातांनी सोडवली.

४. घरी सौ. मीनाक्षी यांनी खांद्याचे विचारले. खरे सांगायची लाज वाटली, म्हणून प्रशिक्षिकेने बळजबरीने मोठी पॅडल दिली असे ठोकून दिले. त्यांनी तक्रारीचा आग्रह धरला. अर्जदाराने तक्रार लिहिली, आणि मसुदा फार चांगला उतरला. आपण चार दिवसांत ताईंना कामावरून काढलेत. त्यांच्या खुलाशात "माझं लक्ष राहिलं नाही" एवढेच होते. फितीचा उल्लेख नव्हता.

दि. ५ मार्च रोजी ताई त्यांच्या गावाहून, देवगाव रंगारीहून, एसटीने अर्जदाराच्या घरी आल्या. खांदा पाहिला, हात भिंतीला टेकून करायचा व्यायाम दाखवला, चहा घेतला. काम गेल्याबद्दल चकार शब्द नाही. निघताना फाटकाशी हळूच म्हणाल्या, "फितीचं मी कुणाला बोलले नाय, काका. तुमी घोर करू नका." महोदय, अर्जदारास आधी हायसे वाटले. लाज नंतर वाटली, आणि ती आजतागायत उतरलेली नाही. तरी पंधरा दिवस तो गप्प बसला.

तरी विनंती की, ताईंचे नाव यादीत घ्यावे, अर्जदाराचे सभासदत्व रद्द करावे आणि हा अर्ज तुकडीपुढे, साळूबाईंसह, मोठ्याने वाचून दाखवावा. अर्जदार त्या वेळी हजर राहील.

आपणास व ताईंना तोंड दाखवण्यास संकोचणारा,

दत्तोपंत नारायण टाकळकर
दि. २०/३/२०२४

सोबत : डॉक्टरांचे प्रमाणपत्र.

प्रत : सुकेशनी कडुबा शिंगाडे, देवगाव रंगारी. टपालाने पाठवू नये, अर्जदार स्वतः नेऊन देईल. अर्जदार दोनदा एसटीने त्यांच्या गावी जाऊन स्टँडवरूनच परतला आहे. उद्या सौ. मीनाक्षी सोबत येणार आहेत. त्यांना आज सकाळी सगळे सांगितले.