जुईलीच्या नावे वरची खोली

मी, नलिनी बहिरू ढमाले, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी भाषणे ऐकलेल्या काहींना त्याची गरज वाटेल.

कलम १. माण येथील दुमजली घर माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. वडिलोपार्जित जमीन विकली तेव्हा चुलते कुशाबा हक्कसोडपत्र घेऊन आले. म्हणाले, “पोरी, भावासाठी सही कर. न्हाईतर माहेर तुटंल.” मी सही केली नाही. माहेर शाबूत राहिले, काकांचे बोलणे तेवढे बंद झाले. माझ्या वाट्यातून हे घर उभे राहिले. काकांना किंवा त्यांच्या वारसांना यातून काहीही मिळणार नाही.

कलम २. तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोल्या माझा धाकटा भाऊ किशोर याला द्याव्यात.

कलम ३. वरची खोली, तिच्यातले कामाचे टेबल, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन व सर्व हत्यारे किशोरची मुलगी जुईली हिला द्यावीत. ती दहावीत आहे. ती सज्ञान होईपर्यंत अॅडव्होकेट स्नेहल मारणे यांनी व्यवस्था पाहावी. ही खोली भाड्याने देऊ नये, तिथे धान्याची पोती ठेवू नयेत, पाहुणे झोपवू नयेत.

कलम ४. याचे कारण नोंदवून ठेवते. जुईली सहावीत असताना मी तिला सूक्ष्मदर्शक दिला. खंडेनवमीला तिच्या आईने, साधनाने, मोठ्या भक्तीने त्याची पूजा केली आणि हळदकुंकवाचे बोट थेट भिंगावर लावले. पूजेनंतर तो शोकेसमध्ये गेला व कुलूप लागले. पोरीने भिंग पुसायला मागितले तर साधना म्हणाली, “हात लावू नको. महागाची वस्तू हाय ती.” मी विज्ञानावर गावोगाव व्याख्याने देत फिरले. विज्ञानाचा द्वेष करणारे आईबाप मला क्वचित भेटले. त्याला ओवाळून कुलपात ठेवणारे घरोघरी भेटले. मूल पाठ्यपुस्तक नंतर वाचते, आधी आईबापाचा चेहरा वाचते.

किशोरचे म्हणणे वेगळे. “आक्का, इंजिनिअर लोक आपल्याच खोल्यांत भाड्यानं ऱ्हात्यात. पोरीला शिकवून भाडेकरू करतीस व्हय?” आयटी पार्कशेजारच्या गावात हा विनोद फार चालतो. जुईली तो रोज जेवताना ऐकते.

कलम ५. आमचे वडील निरक्षर होते. विहिरीवरचे डिझेल इंजिन बंद पडले की ते मला हाक मारत आणि हातात पाना देत. “कुटं अडलंय, बघ बरं.” मी लहान होते, मला काही कळत नसे. त्यांनाही कळत नसे. शेवटी पौडहून मेकॅनिक येई. तरीही मी पुढे भौतिकशास्त्र शिकले ते त्या विचारण्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. किशोरच्या वेळी विजेची मोटर आली आणि वडिलांना एकदा जबर शॉक बसला. त्यानंतर किशोरने त्यांच्या तोंडून एकच ऐकले, “लांब ऱ्हा.” त्यात त्याचा दोष नाही. ते वाक्य जुईलीच्या वाट्याला जाऊ नये एवढ्यासाठी हा कागद आहे.

कलम ६. पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत, काचेच्या कपाटाशिवाय. दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणे करू नयेत. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी आत्ताच येऊन माझ्याशी वाद घालावा.

कलम ७. इथवरचा मजकूर आज किशोरला वाचून दाखवला. भाड्याबद्दल तो काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, “तितं करंट असतोय, आक्का. तिला काय झालं तर?”

म्हणून ही पुरवणी. जुईली काम करत असताना तिच्या शेजारी बसण्याचा हक्क किशोरला तहहयात राहील. खोलीचा मुख्य स्विच त्याच्या हाताशी असावा. तो कधी बंद करायचा व कधी चालू करायचा, हे जुईली सांगेल.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: नलिनी बहिरू ढमाले

साक्षीदार:
१. स्वानंद गायकवाड, तळमजल्यावरील भाडेकरू, इंजिनिअर
२. गोजराबाई पारखी, शेजारीण

मुक्काम माण, दिनांक ९ डिसेंबर २०२५